पावसाच्या थेंबात आणि चंद्राच्या दगडात घड्याळ शोधणारे देवेंद्र लाल

डहाणू लोकलने पालघर सोडलं की पुढचं स्टेशन उमरोळी आणि त्यानंतर बोईसर. या पट्ट्यातल्या कुठल्याही टेकडीवर चढा किंवा दगडखाणीत डोकावा, समोर काळा कातळच दिसतो. याच दगडाची खडी होते आणि तीच रुळांखाली, रस्त्यांखाली, घरांच्या पायात जाते.

हा दगड म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झालेला. एवढं तर शाळेच्या भूगोलातही असतं.

पण आता जरा वेगळा प्रश्न विचारून बघा. हा कातळ तयार झाला तेव्हा त्याच्यावर लाव्हाचे आणखी थर होते. ते झिजून वाहून गेले आणि आज दिसणारा पृष्ठभाग उघडा पडला. हे कधी झालं? शेजारच्या विहिरीत जे पाणी आहे, ते गेल्या वर्षीच्या पावसाचं की दोनशे वर्षांपूर्वीच्या? खाडीच्या तळाशी साचलेला गाळ किती जुना?

या प्रश्नांची उत्तरं ६ कोटी ६० लाख या आकड्यात सापडत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला वेगळं घड्याळ लागतं. अशी घड्याळं निसर्गात शोधून काढणाऱ्या, ती वापरण्याची पद्धत जगाला शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये एक नाव फार वरचं आहे. त्यांच्या कामाची सुरुवात झाली उमरोळीपासून शंभरेक किलोमीटरवर, मुंबईत.

त्यांचं नाव देवेंद्र लाल.

काशीचा मुलगा मुंबईत आला

देवेंद्र लाल यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२९ चा, वाराणसीतला. शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात. भौतिकशास्त्र शिकून १९४९ मध्ये ते मुंबईत आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले.

आज टीआयएफआर म्हटलं की कुलाब्याच्या टोकाची समुद्राकाठची इमारत आठवते. ती इमारत नंतरची, तिचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ मध्ये झालं. लाल आले तेव्हा होमी भाभांची ही संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पैसा कमी, यंत्रसामग्री त्याहून कमी.

मग अशा परिस्थितीत जगाच्या बरोबरीने संशोधन करायचं कशावर?

भाभांनी एक विषय निवडला होता, वैश्विक किरण. अवकाशातून पृथ्वीवर चोवीस तास अतिशय वेगवान कणांचा मारा होत असतो. त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र उभारावं लागत नाही, निसर्ग ते फुकट देतो. फुग्यांना खास फोटोग्राफिक पट्ट्या बांधून त्या आकाशात उंच सोडायच्या आणि खाली आल्यावर त्यांवर उमटलेले कणांचे माग मायक्रोस्कोपखाली तपासायचे, अशी ही पद्धत होती.

गुरू भेटले ते बर्नार्ड पीटर्स

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टीआयएफआरमध्ये एक पाहुणा आला आणि काही वर्षं इथे राहिला. बर्नार्ड पीटर्स हे त्यांचं नाव.

पीटर्स मूळचे जर्मनीचे. हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्यांना डाखाऊच्या छळछावणीत डांबलं होतं. तिथून सुटून ते अमेरिकेत पोहोचले आणि तिथे ओपेनहायमर यांच्या हाताखाली शिकले. वैश्विक किरणांमध्ये जड अणुकेंद्रकंही असतात, हे दाखवून देणाऱ्या गटात ते होते. पण पुढे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयाची लाट आली आणि पीटर्स त्यात सापडले. भाभांनी त्यांना मुंबईत जागा दिली.

पीटर्स यांच्या हाताखाली तरुण मुलांचा एक गट तयार झाला. त्यात पुढे देशभर ओळखले गेलेले यश पाल होते आणि देवेंद्र लालही होते. सुरुवातीची काही वर्षं लाल यांनी के-मेसॉन या अल्पायुषी कणांवर काम केलं. म्हणजे गडी पक्का कणभौतिकशास्त्राचा होता. दगड, माती, पाणी यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जोडला एका साध्या प्रश्नाने. हे कण हवेवर आदळतात, त्यानंतर हवेचं काय होतं?

आकाशातलं टाकसाळ

हा भाग समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं.

हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. वैश्विक किरणांतला वेगवान कण यांच्या अणुकेंद्रकावर आदळला की ते फुटतं. त्या तुकड्यांतून नवे अणू तयार होतात आणि त्यातले काही किरणोत्सारी असतात. टाकसाळीत नाणी पडत राहावीत तसे हे अणू वातावरणात सतत तयार होत राहतात.

किरणोत्सारी अणू कायम टिकत नाही. ठरावीक काळात त्यातले निम्मे संपतात, पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्यातले निम्मे. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. हे अणू पावसाबरोबर खाली आले आणि कुठेतरी बंदिस्त झाले, की तिथून पुढे ते फक्त कमी होत जातात. किती उरलेत ते मोजलं की किती काळ गेला ते कळतं. झालं घड्याळ.

यातलं कार्बन-१४ हे घड्याळ अमेरिकेत विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शोधलं होतं. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. पण पन्नासेक हजार वर्षांच्या पलीकडे ते चालत नाही आणि अगदी अलीकडच्या दिवस-महिन्यांच्या हिशेबालाही उपयोगी नाही.

पीटर्स आणि लाल यांच्या गटाचा विचार असा होता की टाकसाळीत एकच नाणं पडत असेल, हे शक्य नाही. बाकीची नाणीही शोधायला हवीत.

पावसाच्या पाण्यातला शोध

शोधायची कुठे? भारतात याचं उत्तर दर जूनमध्ये आकाशातून पडतं.

गटाने पावसाचं पाणी गोळा करायला सुरुवात केली. हवे असलेले अणू इतके थोडे असतात की त्यासाठी भरपूर पाणी लागतं. मग रासायनिक प्रक्रियेने त्यातून बेरिलियम, फॉस्फरस, गंधक अशी मूलद्रव्यं वेगळी काढायची आणि शिसं-लोखंडाच्या जाड आवरणात ठेवलेल्या गणकावर तासन्‌तास मोजत बसायचं. बाहेरचा किरणोत्सार आत शिरला तर सगळा हिशेब फुकट.

पालघर-बोईसरच्या माणसाला किरणोत्सार हा शब्द नवा नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतंय. पण तारापूर नव्हतं तेव्हाही उमरोळीच्या पत्र्यांवर पडणाऱ्या पावसात आकाशात तयार झालेले किरणोत्सारी अणू होते आणि आजही आहेत. ते इतके अत्यल्प असतात की त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. उलट ते मोजता येणं हेच अवघड काम.

१९५५ नंतरच्या काही वर्षांत एकेक नाणं हाती लागत गेलं. अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या प्रयोगशाळाही याच शर्यतीत होत्या. बेरिलियम-७ चं अर्धायुष्य ५३ दिवस. फॉस्फरस-३२ चं १४ दिवस. गंधक-३५ चं ८७ दिवस. आणि बेरिलियम-१० चं जवळपास १४ लाख वर्षं. हे शेवटचं घड्याळ खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातही सापडलं. लाखो वर्षांत मिलिमीटर-मिलिमीटरने साचलेल्या गाळाचं वय काढायची वाट त्यामुळे मोकळी झाली.

कमी आयुष्याची घड्याळंही कामाची निघाली. त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ खुल्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या करत होते. वर उडालेली धूळ खाली यायला किती काळ लागतो, हा साऱ्या जगाच्या काळजीचा प्रश्न होता. वातावरणाच्या वरच्या थरातली हवा खाली कशी आणि किती वेगाने येते, हे या नैसर्गिक अणूंवरून कळू लागलं.

समुद्रातला स्पंज कामाला आला

१४ लाख वर्षं चालणारं घड्याळ मिळालं, काही दिवसांचंही मिळालं. मधला पल्ला रिकामा होता. शे-पाचशे वर्षांचं काय?

लाल यांची नजर सिलिकॉन-३२ वर होती. पण समुद्राच्या पाण्यात ते इतकं विरळ असतं की थेट मोजणं जवळपास अशक्य. त्यांनी यासाठी एका प्राण्याची मदत घेतली. काही समुद्री स्पंज आपला सांगाडा सिलिकापासून बनवतात आणि त्यासाठी प्रचंड पाणी गाळून घेतात. म्हणजे शास्त्रज्ञांना करायचं काम स्पंजाने आधीच करून ठेवलेलं.

अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत काम करताना लाल यांनी एडवर्ड गोल्डबर्ग आणि मिनोरू कोइडे यांच्याबरोबर कॅलिफोर्नियाच्या आखातातले स्पंज तपासले. त्यात सिलिकॉन-३२ सापडलं. १९६० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लाल यांना मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली.

विहिरीतलं पाणी किती जुनं?

मुंबईत परतल्यावर या घड्याळाचा उपयोग जमिनीखालच्या पाण्यासाठी करायचं ठरलं. या कामात त्यांच्याबरोबर निजामपूरकर आणि खारकर ही मराठी आडनावंही दिसतात. १९६६ मध्ये सिलिकॉन-३२ वापरून भूजलाचं वय काढण्यावर या गटाचा निबंध आला.

ही काही कागदावरची हौस नव्हती. पाणी काही वर्षांपूर्वीच्या पावसाचं असेल तर याचा अर्थ विहीर दर पावसाळ्यात भरून निघते. पाणी शेकडो वर्षं जुनं असेल तर उपसा करणारा माणूस पूर्वजांनी साठवलेली ठेव मोडतोय. बोअरवर बोअर मारणाऱ्या महाराष्ट्राला हा फरक कळणं किती गरजेचं आहे, ते सांगायला नको.

पण इथेच एक अडचण उभी राहिली. सिलिकॉन-३२ चं अर्धायुष्य सुरुवातीला पाचशे ते सातशे वर्षांच्या घरात धरलं जात होतं. १९८० नंतर अधिक अचूक मोजमापं झाली आणि ते दीडशे वर्षांच्या आसपास असल्याचं दिसलं. घड्याळाचे काटेच वेगळ्या वेगाने फिरत होते म्हटल्यावर त्यावरून काढलेली वयंही बदलावी लागली. बेरिलियम-१० चंही तसंच. एके काळी त्याचं अर्धायुष्य २५ लाख वर्षांहून जास्त मानलं जाई, आज ते जवळपास १४ लाख धरतात.

वय काढण्याचं शास्त्र असंच चालतं. आकडा बदलला म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं, असं होत नाही. अणूंची मोजणी तीच राहते, फक्त तिचा काळाशी लावलेला हिशेब सुधारतो.

याच काळात टीआयएफआरमध्ये कार्बन-१४ ची प्रयोगशाळाही उभी राहिली. उत्खननात सापडलेला कोळसा, जळकं धान्य यांची वयं तिथे काढली गेली. राजस्थानातलं हडप्पाकालीन कालीबंगा असो की आपल्याकडचं नेवासे आणि इनामगाव, या गावांच्या जुन्या वस्त्यांचा काळ ठरवायला मुंबईत मोजलेल्या तारखा कामी आल्या.

१९६७ मध्ये लाल आणि पीटर्स यांनी मिळून या सगळ्या ज्ञानाचा एक मोठा लेख लिहिला. पृथ्वीवर कुठे, किती उंचीवर, कोणता अणू किती तयार होतो याचा तो हिशेब होता. या विषयात काम करणाऱ्यांसाठी तो पुढे कित्येक वर्षं पायाभूत ग्रंथासारखा राहिला. त्याच वर्षी लाल यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, १९७१ मध्ये पद्मश्री.

चंद्राचा दगड आणि उल्का

१९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि येताना दगड-माती घेऊन आला. जगभरातल्या निवडक शास्त्रज्ञांना ते नमुने अभ्यासायला मिळाले. लाल त्यांपैकी एक.

त्यांना यात नेमकं काय बघायचं होतं? चंद्रावर हवा नाही, म्हणजे वैश्विक किरण थेट दगडावर आदळतात. जड कण स्फटिकात शिरला की आपल्या वाटेवर सूक्ष्म इजा करून जातो. खास रसायनात तो स्फटिक बुडवला की हे माग मोठे होतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. तरुणपणी फोटोग्राफिक पट्ट्यांवर माग शोधणाऱ्या माणसाला आता तेच माग दगडात दिसत होते.

ऑलिव्हिन नावाच्या खनिजात हे माग नीट उघडे करणारं एक मिश्रण लाल यांच्या गटाने १९७१ मध्ये जगापुढे ठेवलं. त्या निबंधावर ताम्हणे हे नावही आहे.

उल्कांवरही असंच काम झालं. उल्केचा दगड सुमारे साडेचार अब्ज वर्षांचा असतो. पण मोठ्या खडकातून फुटून तो अवकाशात उघडा पडला ते कितीतरी नंतर. हा दुसरा आकडा या किरणांच्या खुणांवरून कळतो. जन्माचं वय एक आणि उघडं पडल्याचं वय दुसरं. लाल यांच्या पुढच्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं काम याच फरकावर उभं राहिलं.

मुंबईहून अहमदाबादला

३० डिसेंबर १९७१ ला विक्रम साराभाई गेले. त्यांनी उभारलेल्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेला, म्हणजे पीआरएलला, नव्या संचालकाची गरज होती. १९७२ मध्ये लाल यांनी ती जबाबदारी घेतली आणि त्यांच्या गटाचं कामही मुंबईहून तिकडे हललं.

१९८३ पर्यंत ते संचालक होते. समुद्रविज्ञान, हवामानाचा इतिहास, उल्का, हिमनद्या अशा विषयांवर तिथे मोठं काम उभं राहिलं. १९७९ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९८३ ते १९८७ या काळात भूगणित आणि भूभौतिकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही होते.

खडक उघडा कधी पडला?

संचालकपद सोडल्यावर बहुतेक लोक भाषणं आणि सत्कारांत रमतात. लाल यांनी मात्र आपलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काम त्यानंतर केलं.

तोवर एक नवं तंत्र आलं होतं. अणू फुटण्याची वाट बघत बसण्यापेक्षा वेगवर्धकाच्या मदतीने अणूच थेट मोजायचे. त्यामुळे अगदी थोड्या नमुन्यातलं बेरिलियम-१० सुद्धा मोजता येऊ लागलं.

आता ही टाकसाळ हवेऐवजी दगडातच शोधता येणार होती. वैश्विक किरणांतले काही कण जमिनीपर्यंत पोहोचतात आणि वरच्या दोन-तीन मीटर दगडात शिरतात. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन असतात. या माऱ्यात ऑक्सिजनपासून बेरिलियम-१० आणि सिलिकॉनपासून ॲल्युमिनियम-२६ तयार होतं. समुद्रसपाटीला एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला बेरिलियम-१० चे जेमतेम चार-पाच अणू!

एवढ्या थोड्या अणूंतून वय काढायचं तर ते कुठे, किती वेगाने तयार होतात याचा पक्का हिशेब हवा. उंचीवर जास्त, समुद्रसपाटीला कमी. ध्रुवाकडे जास्त, विषुववृत्ताकडे कमी. दगड झिजत असेल तर वरचे अणू वाहून जातात, त्याचा हिशेब वेगळा. १९८५ मध्ये जेम्स आर्नल्ड यांच्याबरोबर आणि मग १९९१ मध्ये एकट्याने लिहिलेल्या निबंधात लाल यांनी हे गणित मांडलं.

त्यानंतर भूशास्त्राचा एक अख्खा दालनच उघडला. हिमनदी मागे हटल्यावर मागे राहिलेले धोंडे कधी उघडे पडले, भूकंपाने तुटलेला कडा किती जुना, नदीने दरी किती वेगाने कापली, डोंगर हजार वर्षांत किती झिजतो, अशा प्रश्नांना आकड्यांत उत्तरं मिळू लागली. हिमालयापासून अंटार्क्टिकापर्यंत आज ही पद्धत वापरली जाते.

सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये सहसा गारगोटी नसते. अशा दगडासाठी हेलियम-३ किंवा क्लोरीन-३६ यांसारखे दुसरे अणू मोजतात. तत्त्व मात्र तेच.

हे शास्त्र किती नाजूक आहे ते बघायचं तर बुलढाण्याच्या लोणार सरोवराकडे बघा. तिथला बेसॉल्ट सहा कोटी वर्षांहून जुना, यावर वाद नाही. पण उल्का पडून विवर कधी झालं? एका पद्धतीने उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं, तर दुसऱ्या पद्धतीने २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दगड तोच, विवर तेच, पण पद्धत बदलली की उत्तर बदललं. म्हणूनच वयाचा आकडा वाचताना तो कोणत्या पद्धतीने मोजलाय, हे आधी बघावं लागतं.

शेवटपर्यंत काम

पुढची वर्षं लाल मुख्यतः स्क्रिप्समध्येच होते. ध्रुवीय बर्फात थेट तयार होणाऱ्या कार्बन-१४ वरही त्यांनी काम केलं. १९९७ मध्ये भूरसायनशास्त्रातलं मानाचं गोल्डश्मिट पदक त्यांना मिळालं. १ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथे, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

होमी भाभा, विक्रम साराभाई ही नावं घराघरांत पोहोचली. देवेंद्र लाल हे नाव तेवढं पोहोचलं नाही. पण जगात कुठेही एखादा संशोधक छिन्नी-हातोडी घेऊन डोंगरावर चढतो आणि हा कातळ उघडा कधी पडला असं विचारतो, तेव्हा तो लाल यांनी बसवलेलं गणित वापरत असतो.

आणि त्या गणिताची सुरुवात झाली होती १९५० च्या दशकात, गेटवेजवळच्या एका जुन्या क्लबात थाटलेल्या प्रयोगशाळेत, पावसाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांपासून.